प्रेअरीतले जांभळे तुरे: लायॅट्रिसच्या जाती वेगळ्या कशा ओळखाव्यात

जुलै महिना सरत आला की इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि इंडियाना या राज्यांतील राखीव माळरानांवर, ज्यांना तिकडे प्रेअरी म्हणतात, गवताच्या वर डोके काढून जांभळे तुरे उभे राहू लागतात. इंग्रजीत या झाडांना ब्लेझिंग स्टार किंवा गेफेदर म्हणतात. शास्त्रात त्यांच्या वंशाचे नाव लायॅट्रिस आहे. या वंशात चाळिसाच्या आसपास जाती असून त्या सर्व मूळच्या उत्तर अमेरिकेतल्या आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या सगळ्या एकच वाटतात आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण रंग तोच, पाने तशीच अरुंद आणि तुराही तसाच सरळसोट असतो. खरा फरक असतो तो फुलांच्या खाली असलेल्या, नखावर मावतील इतक्या लहान खवल्यांत. तुऱ्याकडे लांबून पाहून थांबण्याऐवजी वाकून ते खवले पाहण्याची सवय लागावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. शिकागोच्या परिसरात आणि तिथून पश्चिमेला व उत्तरेला मिनेसोटापर्यंत राहणाऱ्या मराठी मंडळींना त्याचा थेट उपयोग व्हावा, म्हणून त्या भागात भेटणाऱ्या जातींपुरताच तो ठेवला आहे.

मी गेली काही वर्षे शिकागोच्या उत्तरेकडील एका राखीव प्रेअरीत शनिवारी सकाळी बी गोळा करण्याच्या कामाला जाते. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी वाळूच्या उंचवट्यावरची आणि खालच्या ओलसर खळग्यातली झाडे एकच समजून दोन्हींचे बी एकाच कागदी पिशवीत भरले. सुकून एकत्र झालेले ते बी पुन्हा वेगळे करणे कोणालाच जमले नाही, आणि कोरड्या वाळूवर पेरण्यासाठी जमवलेले ते बी खात्रीने कुठेच पेरता येण्याजोगे राहिले नाही. इलिनॉय राज्यात एकेकाळी सुमारे 2.2 कोटी एकर प्रेअरी होती आणि आज तिचा हजारावा भागही मूळच्या चांगल्या अवस्थेत उरलेला नाही. अशा ठिकाणी पिशवीभर बी वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या दिवसापासून मी नाव निश्चित झाल्याशिवाय पिशवी उघडत नाही.

सोबत फार काही लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे एक भिंग, सहा इंची पट्टी, छोटी वही आणि जवळून स्पष्ट छायाचित्र काढू शकणारा फोन एवढे पुरते. भिंग मात्र अवश्य घ्यावे. ते डोळ्याला अगदी लावून धरावे आणि फूल त्याच्याकडे आणावे. उलट केले, तर काहीच स्पष्ट दिसत नाही आणि नवखा माणूस भिंगालाच दोष देऊन ते पिशवीत टाकतो.

पहिली पायरी: झाड लायॅट्रिसचेच आहे ना

लायॅट्रिस सूर्यफुलाच्या कुळातले आहे. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो ते वास्तविक अनेक लहान फुलांचा गोंडा असतो, जसा झेंडूचा. शास्त्रीय मराठीत या गोंड्याला स्तबक, त्यातील प्रत्येक लहान फुलाला पुष्पक आणि गोंड्याखालच्या हिरव्या खवल्यांना छद म्हणतात. मी पुढे गोंडा, पुष्पक आणि खवले हेच शब्द वापरणार आहे, कारण रानात उभे राहून बोलताना तेच तोंडात बसतात. उभ्या दांड्यावर हे गोंडे खालपासून वरपर्यंत लागलेले असतात आणि ते सगळे मिळून तुरा होतो.

सूर्यफुलाला किंवा सोनकीला कडेने पाकळ्यांसारखी दिसणारी पुष्पके असतात. लायॅट्रिसला ती नसतात. त्याच्या गोंड्यात सर्व पुष्पके नळीसारखी, पाच टोकांची आणि सारखी असतात, आणि प्रत्येकीतून स्त्रीकेसराची दुभंगलेली लांब टोके बाहेर आलेली असतात. तुरा पिसासारखा दिसतो तो या टोकांमुळे. कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून आलेल्या वाचकाने ओसाडीचे किंवा रानमोडीचे फूल हाताळले असेल तर ही रचना त्याला ओळखीची वाटेल, कारण ओसाडी, रानमोडी आणि लायॅट्रिस ही तिन्ही या मोठ्या कुळाच्या एकाच शाखेत येतात. रानमोडी मूळची अमेरिका खंडातली आणि आपल्याकडे उपद्रवी ठरलेली वनस्पती आहे. तिचीच ही चुलत बहीण तिच्या स्वतःच्या मुलखात मात्र जपावी लागते.

याहूनही सोपी खूण म्हणजे फुलण्याचा क्रम. बहुतेक उभ्या तुऱ्यांत फुले खालून वर उमलत जातात. लायॅट्रिसचा तुरा शेंड्याकडून खाली उमलतो. वरचे गोंडे फुललेले किंवा कोमेजू लागलेले आणि खालचे अजून कळीत असतील, तर आपण योग्य झाडापाशी उभे आहोत असे धरून चालावे.

याच काळात ओलसर जागी आणखी एक जांभळा तुरा दिसतो, तो पर्पल लूसस्ट्राइफचा. हे युरेशियातून आलेले आणि अमेरिकेतल्या पाणथळ जागा व्यापून टाकणारे तण आहे. ते आपल्या मेंदी आणि तामणाच्या कुळातले असल्यामुळे त्याच्या फुलाला खऱ्या, सुट्या, किंचित चुरगळलेल्या पाकळ्या असतात. त्याची पाने बहुधा समोरासमोर जोडीने येतात आणि खोड बोटांत फिरवल्यास कोनेदार लागते. लायॅट्रिसची पाने एकाआड एक, खोडाभोवती फिरत वर चढतात. आयर्नवीड नावाच्या जांभळ्या फुलांच्या झाडाशीही गल्लत होते, पण त्याचे गोंडे शेंड्यावर पसरट छत्रीसारखे जमतात, उभ्या तुऱ्यात नव्हे.

येथे नावाबद्दल एक सूचना द्यायला हवी. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात मेन्टझेलिया या वंशातील झाडांनाही ब्लेझिंग स्टार असेच म्हणतात. त्यांची फुले खऱ्या पाकळ्यांची आणि ताऱ्यासारखी असतात, पाने अडकणाऱ्या बारीक केसांमुळे कपड्याला चिकटतात आणि लायॅट्रिसशी त्यांचे काहीच नाते नाही. म्हणून वहीत नेहमी शास्त्रीय नावच लिहावे.

नावातच दडलेली खूण

शास्त्रीय नावे पाठ करण्याचा कंटाळा करू नये, कारण या वंशात बहुतेक नावे झाडाचा मुख्य गुणच सांगतात. ॲस्पेरा म्हणजे खरखरीत. सिलिंड्रेसिया म्हणजे नळकांड्यासारखी. स्पायकेटा म्हणजे कणीस धरणारी, तर ग्रीक शब्दांपासून झालेल्या पिक्नोस्टॅकिया या नावाचा अर्थ दाट कणसाची. आणि खरोखरच हा तुरा पाहिला की भरलेल्या बाजरीच्या कणसाची आठवण होते. पंक्टेटा म्हणजे ठिपकेदार. स्क्वॅरोसा हे नाव बाहेर वळलेल्या खवल्यांवरून पडले आहे. यांपैकी ॲस्पेरा, सिलिंड्रेसिया आणि पिक्नोस्टॅकिया ही तिन्ही नावे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो यांची असून त्यांच्या मृत्यूनंतर, 1803 साली ती प्रसिद्ध झाली. दोनशे वर्षांपूर्वी त्यांना ज्या खुणा नाव देण्याइतक्या ठळक वाटल्या, त्याच आजही आपल्याला पुरतात.

दुसरी पायरी: आधी पायांखाली पाहावे

झाडाकडे जाण्याआधी आपण कशावर उभे आहोत ते पाहावे आणि वहीत लिहावे. बूट चिखलात रुततो आहे की वाळू सरकते आहे, की पायांखाली चुनखडीचा कातळ आहे? एवढ्या एका नोंदीने निम्म्या शक्यता गळून पडतात.

हे समजून घ्यायला मला माहीत असलेली सर्वांत चांगली जागा म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये केनोशाजवळ मिशिगन सरोवराच्या काठी असलेली चिवॉकी प्रेअरी. शिकागो आणि मिल्वॉकी या दोन शहरांची नावे जोडून हे नाव झाले आहे. सरोवराचे पाणी जुन्या काळी मागे सरकत गेले तसे तिथे किनाऱ्याला समांतर असे वाळूचे कमी उंचीचे वरंबे आणि त्यांच्या मधोमध ओलसर सऱ्या तयार झाल्या. आपल्याकडच्या सरी-वरंब्याच्या शेताला कोणी शंभर पट मोठे करावे तशी ती जमीन दिसते. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सऱ्यांमध्ये स्पायकेटाचे तुरे हजारोंनी उभे असतात. वरंब्यावर चार पावले चढावे, तर तिथे ॲस्पेरा भेटते, आणि ती त्या वेळी बहुधा अजून कळीत असते. दोन जातींमध्ये अंतर जेमतेम दहा-वीस पावलांचे, उंचीचा फरक गुडघ्याएवढाही नाही, तरी एकीचे पाऊल दुसरीच्या जागेत सहसा पडत नाही.

स्थूलमानाने असे ध्यानात ठेवावे की स्पायकेटा ओलाव्यातली आहे. पिक्नोस्टॅकिया ओलसर ते मध्यम, काळ्या सकस मातीतली आहे. ॲस्पेरा वाळूची आणि कोरड्या टेकाडांची आहे. सिलिंड्रेसिया कोरड्या, खडीच्या किंवा चुनखडीच्या उतारांवरची आहे. आणि पंक्टेटा पश्चिमेकडच्या कोरड्या, आखूड गवताच्या प्रदेशातली आहे. लिग्युलिस्टायलिस ही उत्तरेकडची, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, डकोटा आणि कॅनडाच्या बाजूची असून ती ओलसर कुरणांत वाढते. बागेत मात्र हा नियम लावू नये, कारण तिथे माणूस पाणी घालतो आणि झाड कुठेही जगते.

तिसरी पायरी: हातभर अंतरावरून तुरा पाहावा

आता झाडाजवळ जावे, पण लगेच भिंग काढू नये. हातभर अंतरावरून एकच प्रश्न विचारावा: दांडा दिसतो का? गोंडे एकमेकांना इतके खेटून बसले असतील की मधला दांडा झाकला गेला आहे, तर आपण स्पायकेटा किंवा पिक्नोस्टॅकिया यांच्यापाशी आहोत. गोंडे सुटे सुटे, बटणे शिवल्यासारखे अंतराअंतरावर असतील आणि मधून दांडा दिसत असेल, तर ॲस्पेरा, लिग्युलिस्टायलिस किंवा त्यांच्या जवळच्या जाती असण्याचा संभव अधिक. ॲस्पेराला इंग्रजीत बटन ब्लेझिंग स्टार असेही म्हणतात ते त्यामुळेच.

मग गोंडा दांड्यावर थेट बसला आहे की त्याला स्वतःचा देठ आहे ते पाहावे. स्पायकेटा, पिक्नोस्टॅकिया आणि बहुतेक वेळा ॲस्पेरा यांचे गोंडे देठाशिवाय किंवा अगदी आखूड देठावर असतात. लिग्युलिस्टायलिसचे गोंडे स्पष्ट देठांवर असतात आणि सर्वांत वरचा गोंडा इतरांपेक्षा ठळकपणे मोठा असतो.

उंचीवर भर देऊ नये. सिलिंड्रेसिया बहुधा एक ते दीड फुटाची असते आणि ही एक जात सोडली तर उंची फसवते. पिक्नोस्टॅकिया पाच फुटांपर्यंत जाते, पण नापीक जागी तीच दोन फुटांवर थांबते. हरणाने शेंडा खाल्ला तर खालून फांद्या फुटतात आणि एकाच बुंध्यावर तीन-चार खुजे तुरे येतात. असे झाड पाहून नवी जात सापडल्याचा आनंद करण्यापूर्वी दांड्याचे तुटलेले टोक शोधावे. रंगावर तर मुळीच विसंबू नये. सर्व जातींचा रंग गुलाबी-जांभळ्याच्या पट्ट्यातच फिरतो आणि पांढऱ्या फुलांची झाडेही अधूनमधून सापडतात.

चौथी पायरी: खवले

या पायरीला घाई करू नये. माझ्या मते बाकीच्या सर्व पायऱ्या मिळून जेवढे सांगतात तेवढे ही एकटी सांगते. तुऱ्याच्या मधल्या भागातला एक पूर्ण वाढलेला गोंडा निवडावा. वरचा कोमेजलेला आणि खालचा कोवळा असतो, दोन्हींत खवल्यांचे रूप बदललेले असते. गोंडा न तोडता बोटाने किंचित बाजूला वाकवावा आणि फुलांकडे न पाहता फुलांखालच्या हिरव्या पेल्याकडे भिंग न्यावे. तीन गोष्टी पाहायच्या आहेत: खवल्याचे टोक गोल आहे की अणकुचीदार, ते अंगाशी चिकटले आहे की बाहेर वळले आहे, आणि त्याची कड कशी आहे.

स्पायकेटाचे खवले कौलारू छपरासारखे एकावर एक नीट बसलेले असतात. टोक बोथट किंवा गोल, अंग गुळगुळीत, कडेला जांभळट पातळ किनार. बोट खालून वर फिरवले तर कुठे अडत नाही.

पिक्नोस्टॅकियाचे खवले टोकाशी निमुळते होतात आणि टोक बाहेर वळते. त्यामुळे सगळा गोंडा खालून काटेरी वाटतो, जरी ते काटे नसतात. इथे बोट फिरवले की वळलेली टोके लागतात. तुऱ्यातला दांडाही पाहावा: पिक्नोस्टॅकियाच्या दांड्यावर बहुधा पांढरे केस असतात, तर स्पायकेटाचा दांडा साधारणपणे गुळगुळीत असतो. या दोन जाती दाट तुऱ्याच्या असल्याने सर्वाधिक गोंधळ यांच्यातच होतो, आणि खवल्याचे टोक पाहिले की तो तिथेच मिटतो.

ॲस्पेराचे खवले एकदा पाहिले की विसरत नाहीत. टोक गोल आणि रुंद असते, आणि कडेला पातळ, कागदासारखी, गुलाबी झाक असलेली झालर असते. ही झालर सपाट नसते. निखाऱ्यावर भाजलेल्या पापडाची कड जशी फुगून आत वळते, तशी ती फुगलेली, चुरगळलेली आणि जागोजागी फाटलेली असते. मागच्या ऑगस्टअखेर वाऱ्याने मोडून आडव्या पडलेल्या एका तुऱ्यातला गोंडा मी पांढऱ्या कागदावर ठेवून टाचणीने एक एक खवला उलगडला होता. बाहेरचे खवले लहान, हिरवे आणि साधे होते. आत जावे तशी झालर रुंद होत गेली आणि सर्वांत आतल्या रांगेत खवल्यापेक्षा झालरच अधिक उरली. कोरड्या वाळूत उभे राहून एवढी नाजूक किनार हे झाड कशी सांभाळते, याचे मला आजही नवल वाटते.

लिग्युलिस्टायलिसच्या खवल्यांनाही रुंद, पातळ, फाटकी किनार असते, पण ती सपाट असते, फुगत नाही. किनार फुगलेली आणि गोंडा बिनदेठाचा असेल तर ॲस्पेरा; किनार सपाट, गोंडा देठावर आणि शेंड्याचा गोंडा मोठा असेल तर लिग्युलिस्टायलिस, अशी जोडी लक्षात ठेवावी. या गटात स्कॅरिओसा नावाची आणखी एक जात आहे. तिचे गोंडेही देठावर असतात, पण खवल्यांची किनार अरुंद असते, ती फुगत नाही, आणि तिच्या शिकागोकडच्या उपजातीत गोंड्यांखालचा दांडा पानांनी दाट भरलेला असतो. ही जात विरळ आहे. ती सापडली असे वाटल्यास एकट्याने निर्णय न करता जाणकाराला दाखवावी.

सिलिंड्रेसियाचा गोंडा उंच, अरुंद, नळकांड्यासारखा असतो आणि एका झाडावर गोंड्यांची संख्या थोडी असते. खवले अंगाला घट्ट चिकटलेले, आणि रुंद टोकातून एकाएकी बारीक अणी निघालेली असते, जणू बोथट पेन्सिलीला टाचणी लावली आहे. थोडे दक्षिणेकडे गेल्यास स्क्वॅरोसा भेटते. तिचेही गोंडे थोडेच आणि मोठे असतात, पण तिचे खवले लांब, टोकदार आणि सरळ बाहेर फाकलेले असतात. खवले बाहेर वळलेले म्हणून कोणी तिला पिक्नोस्टॅकिया म्हणेल, तर तुऱ्याकडे एकदा पाहावे: पिक्नोस्टॅकियात लहान गोंड्यांची दाट गर्दी, स्क्वॅरोसात मोठे मोजके गोंडे.

पाचवी पायरी: पुष्पके मोजणे

खवल्यांनी जे सांगितले ते मोजणीने पडताळून पाहावे. गोंड्यातील पुष्पकांची संख्या जातीनुसार बऱ्यापैकी ठरलेली असते. स्पायकेटा आणि पिक्नोस्टॅकिया यांच्या गोंड्यात पुष्पके थोडी, बहुधा पाच ते दहा. पंक्टेटात तर तीन ते आठच. ॲस्पेरात साधारण पंधरा ते पस्तीस, सिलिंड्रेसियात दहा ते पस्तीस, आणि लिग्युलिस्टायलिसमध्ये तीस ते सत्तर, क्वचित त्याहूनही अधिक.

मोजताना स्त्रीकेसराची टोके मोजू नयेत, कारण प्रत्येक पुष्पकातून दोन टोके निघतात आणि आकडा दुप्पट होतो. नळीचे पाच टोकांचे तोंड हे एक पुष्पक धरावे. एकाच गोंड्यावर समाधान मानू नये. एकाच झाडावरचे तीन आणि शेजारच्या दुसऱ्या झाडावरचे दोन गोंडे मोजून पाचही आकडे वहीत लिहावेत. आकडे ॲस्पेरा आणि लिग्युलिस्टायलिस यांच्या सीमेवर पडले तर पुन्हा खवल्यांच्या किनारीकडे वळावे.

पंक्टेटाची ओळख मात्र पानांवरून अधिक पक्की होते. तिचे पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिल्यास त्यात बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी असतात. पानाच्या कडेने पापण्यांसारखे ताठ पांढरे केस असतात. ठिपके इतर काही जातींतही अस्पष्ट दिसू शकतात, म्हणून ठिपके, कडेचे केस आणि गोंड्यातली मोजकी पुष्पके हे तिन्ही जुळले तरच नाव लिहावे. या जातीचे मूळ पंधरा फुटांच्या खाली जाऊ शकते, आणि म्हणूनच ती इतर झाडे करपतात अशा माळावर हिरवी राहते.

सहावी पायरी: म्हातारीचे केस

फुलांचा काळ चुकला तरी ओळख पटू शकते. सप्टेंबरअखेरपासून गोंडे फिकट तपकिरी होतात आणि प्रत्येक बीच्या डोक्यावर केसांचा झुपका फुलतो. लहानपणी रुईच्या किंवा सावरीच्या म्हाताऱ्या हवेत उडताना पकडल्या असतील, त्यांचीच ही जांभळट-तपकिरी आवृत्ती. एक बी काढून भिंगाखाली त्याचा एकच केस पाहावा. काही जातींत हा केस पिसासारखा असतो, म्हणजे मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना लांब मऊ तंतू निघालेले दिसतात. सिलिंड्रेसिया, स्क्वॅरोसा आणि पंक्टेटा या त्या जाती. स्पायकेटा, पिक्नोस्टॅकिया, ॲस्पेरा, लिग्युलिस्टायलिस आणि स्कॅरिओसा यांच्या केसावर लांब तंतू नसतात, फक्त आखूड खरखरीत दाते असतात. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही झुपके सारखेच दिसतात, भिंगाखाली मात्र शंका राहत नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या पिशवीत दुर्दैवाने दोन्ही जाती दातेवाल्या गटातल्या होत्या, त्यामुळे हा उपायही कामी आला नाही.

सिलिंड्रेसिया आणि स्क्वॅरोसा यांच्या बाबतीत फुलातही एक दुजोरा मिळतो: पुष्पकाच्या पाच टोकांच्या आतल्या बाजूला केस असतात. उन्हाकडे पाठ करून, म्हणजे भिंगावर पुरेसा उजेड पडेल असे उभे राहून ते पाहावेत.

जे झाड कोणत्याच चौकटीत बसत नाही

दोन जाती जवळजवळ वाढत असतील आणि त्यांचा फुलोऱ्याचा काळ एकमेकांत मिसळत असेल तर या वंशात संकर होतो. खवल्यांची किनार अर्धवट फुगलेली, गोंड्याला ना धड देठ ना बैठक, पुष्पकांची संख्या मधलीच, असे झाड दिसले तर आपली चूक झाली असे लगेच मानू नये. आसपासच्या वीस-पंचवीस पावलांत कोणत्या जाती आहेत ते पाहावे आणि वहीत 'लायॅट्रिस, संकर असण्याची शक्यता' असे प्रामाणिकपणे लिहून पुढे जावे. वंशापर्यंतचे बरोबर नाव हे जातीपर्यंतच्या चुकीच्या नावापेक्षा केव्हाही अधिक कामाचे असते.

बागेतली झाडे ही वेगळी अडचण आहे. फुलांच्या दुकानात लांब दांड्यांनी मिळणारे लायॅट्रिस आणि बहुतेक बागांतले घनकंद हे स्पायकेटाचे असतात. मोनार्क फुलपाखरांना लिग्युलिस्टायलिस विशेष प्रिय असल्यामुळे अलीकडे ती हौसेने लावली जाते, पण रोपांच्या कुंडीवरची पट्टी नेहमीच खरी नसते. माझ्या शेजारच्या एका कुटुंबाने लिग्युलिस्टायलिस म्हणून आणलेली सहा रोपे फुलल्यावर ॲस्पेरा निघाली. ॲस्पेरावरही फुलपाखरे येतात, त्यामुळे बागेचे नुकसान झाले नाही. परंतु ओलसर कोपऱ्यात लावलेली ती कोरड्या जमिनीची रोपे दोन हिवाळ्यांत कुजून गेली. फुले आल्यावर आधी खवले पाहावेत, पट्टीवर काय छापले आहे ते नंतर.

नोंद आणि छायाचित्र

छायाचित्रे पाठवून जाणकाराला नाव विचारायचे असेल, तर एकट्या सुंदर तुऱ्याचे छायाचित्र उपयोगाचे नसते. किमान पाच घ्यावीत: पूर्ण झाड आणि आसपासची जमीन, तुरा बाजूने, मधल्या गोंड्याचे खवले अगदी जवळून, खोड आणि खालची पाने, आणि पट्टी शेजारी धरून एक गोंडा. खवल्यांचे छायाचित्र काढताना गोंड्यामागे तळहात धरावा, म्हणजे फोन मागच्या गवतावर नजर न लावता खवल्यांवर लावतो. भर दुपारी जांभळा रंग फोनमध्ये निळसर येतो, म्हणून शक्यतो सकाळी किंवा ढगाळ हवेत काढावे.

राखीव प्रेअरीत फूल, बी किंवा कंद काढायला परवानगीशिवाय मनाई असते आणि ती कसोशीने पाळावी. कंद तर कोणत्याही कारणासाठी उकरू नये. लायॅट्रिसच्या घनकंदात झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षागणिक वलय पडते आणि अभ्यासकांनी ती वलये मोजून काही झाडांची वये तीस वर्षांहून अधिक असल्याचे दाखवले आहे. गुडघ्याएवढे दिसणारे ते झाड आपल्या घरातल्या कर्त्या मुलाच्या वयाचे असू शकते.

बी गोळा करण्याची परवानगी घेऊन काम करणाऱ्यांनी एक पद्धत ठेवावी, जी मी आता ठेवते. ऑगस्टमध्ये फुलावर असताना खवले पाहून नाव निश्चित करायचे, झाडाजवळ रंगीत दोरीची खूण बांधायची आणि वहीत जागा लिहायची. ऑक्टोबरमध्ये त्या खुणेपाशी परत जायचे, खवल्यांची किनार पुन्हा पाहायची, कारण सुकलेल्या गोंड्यातही ॲस्पेराची फुगीर झालर आणि पिक्नोस्टॅकियाची वळलेली टोके टिकून असतात, आणि मगच मुठीत गोंडा धरून बी ओरबाडायचे. पिशवीवर जातीचे नाव, वरंबा की सरी, आणि तारीख हे तिन्ही बी आत पडण्यापूर्वी लिहायचे. एका वेळी एकच पिशवी उघडी ठेवायची, आणि वरंब्यावरून सरीत उतरण्याआधी तिचे तोंड दुमडून बंद करायचे.